बाद झालेल्यांची वही

दादा गेले ते २०११ साली. त्यांच्या लोखंडी ट्रंकेत जे काही निघाले त्यात रेशनकार्ड होते, गिरणीचा जुना बदली पास होता, गावच्या जमिनीचे दोन सातबारे होते आणि लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबट वही होती. किराणा दुकानदार उधारी लिहितात तसली. पहिल्या पानावर वर मधोमध ‘फेडरेशन कप’ असे लिहिलेले आणि खाली पट्टीने आखलेले पाच रकाने : साल, गाव, विजेता, बाद, बदली. पहिली नोंद १९७७ची, शेवटची २०१०ची. ही वही मी लहानपणापासून पाहत आलो होतो, पण ती वाचली मात्र नव्हती. वाङ्मय शिकवण्याचा व्यवसाय पत्करलेल्या माणसाने घरातले एकमेव हस्तलिखित पंचवीस-तीस वर्षे न वाचता ठेवावे, ही गोष्ट अजून मला नीट सांगता येत नाही.

दादा गिरणीत साचेखात्यात बदली कामगार होते. मुंबईच्या गिरण्यांची व्यवस्था ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवे की बदली म्हणजे पक्का नव्हे. भोंगा होण्याआधी दरवाजावर जाऊन उभे राहायचे, कायम कामगारांपैकी कोणी गैरहजर असेल तर त्याच्या मागावर त्या दिवसापुरते काम मिळायचे, नाहीतर डबा घेऊन परत यायचे. काम मिळाले नाही की दादा पुष्कळदा कूपरेजवर जात. तेथे रोव्हर्स कपाचे सामने चालत. त्यांना फुटबॉलचा नाद तेथेच लागला असावा. आमच्या चाळीत सगळे क्रिकेटवाले आणि कबड्डीवाले. फुटबॉलच्या बातम्या वाचणारे दादा एकटेच.

ज्या स्पर्धेची ही वही आहे तिच्याबद्दल थोडे सांगतो, कारण आता ती स्पर्धा राहिलेली नाही. आपल्याकडे ड्युरँड कप १८८८चा, रोव्हर्स १८९१चा, कलकत्त्याची आयएफए शील्ड १८९३ची. तिन्हींचा जन्म गोऱ्या पलटणींच्या करमणुकीतला. रोव्हर्सचा पहिला विजेता वूस्टरशायर रेजिमेंटचा संघ होता आणि तो चषक भारतीय संघाच्या हाती यायला १९३७ साल उजाडावे लागले, तेव्हा तो बंगलोर मुस्लिम्सने जिंकला. या स्पर्धा मोठ्या होत्या, पण त्या त्या शहराच्या होत्या. देशातल्या क्लबांना एका राष्ट्रीय चषकासाठी एकत्र आणण्याचा उद्योग अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने १९७७ साली केला आणि त्याला नाव दिले फेडरेशन कप. राष्ट्रीय लीग तर पुढे १९९६ साली सुरू झाली. म्हणजे मधली एकोणीस वर्षे देशातला सर्वांत चांगला क्लब कोणता, या प्रश्नाला उत्तर देण्याचे अधिकृत साधन हा एकच चषक होता.

वहीतली पहिली ओळ अशी : १९७७, एर्नाकुलम, आयटीआय, बाद मोहन बागान. आयटीआय म्हणजे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, बंगळूरचा सरकारी टेलिफोन कारखाना. मोहन बागानने त्याच वर्षी आयएफए शील्ड, रोव्हर्स आणि ड्युरँड असे तिन्ही जुने चषक घेतले आणि सप्टेंबरात कलकत्त्यात पेलेच्या कॉसमॉसला २-२ असे बरोबरीत रोखले. अशा संघाला टेलिफोन बनवणाऱ्या कारखान्याच्या संघाने १-० असे हरवले. दादांनी वही घातली ती या निकालामुळे, असे आई सांगत असे. “कारखान्यातली माणसं जिंकली,” असे ते दोन दिवस म्हणत होते म्हणे.

वही खाली खाली वाचत गेलो की विजेत्यांचा रकाना हा आपल्या अर्थव्यवस्थेचा एक ओबडधोबड इतिहास होऊन जातो. आधी टेलिफोन कारखाना, १९७९ला सीमा सुरक्षा दल. मग कलकत्त्याच्या तीन जुन्या क्लबांचे राज्य. १९८८ आणि १९८९ला साळगावकर, म्हणजे गोव्यातले खाणमालकांचे घराणे. १९९० आणि १९९१ला केरळ पोलीस. नव्वदीच्या मध्यावर जेसीटी, म्हणजे पंजाबातल्या फगवाड्याची कापड गिरणी. २००३ आणि २००५ला महिंद्र युनायटेड, मुंबईची मोटारगाड्यांची कंपनी. सार्वजनिक उद्योग, पोलीस, निमलष्करी दले, गिरण्या, खाणी. फुटबॉल खेळणाऱ्याला नोकरी देणाऱ्या या संस्था होत्या. खेळाडू कागदोपत्री कारकून किंवा शिपाई असे आणि चार वाजता मैदानावर जाई. आज क्लब म्हटले की खेळाडूचा करार, त्याची किंमत, त्याचा दलाल असे सारे डोळ्यांसमोर येते. त्या वेळी क्लबाचा अर्थ बहुधा पगारपत्रक असा होता. आय. एम. विजयन हे लहानपणी त्रिचूरच्या नगरपालिका मैदानावर सोडा विकत असत. पुढे ते केरळ पोलिसांत भरती झाले, आणि १९९० साली त्याच त्रिचूरमध्ये केरळ पोलिसांनी साळगावकरला हरवून हा चषक घेतला. त्या ओळीसमोर दादांनी समासात लहानशी फुली केली आहे. वहीत अशी फुली अन्यत्र नाही.

मी माझ्या व्यवसायातल्या सवयीने ही वही वाचू लागलो तेव्हा प्रथम लक्ष गेले ते चौथ्या रकान्याच्या नावाकडे. वर्तमानपत्रे अंतिम सामन्यात हरलेल्या संघाला ‘उपविजेता’ म्हणतात. हा शब्द सभ्य आहे, त्यात हरण्याची बोच नाही. दादांनी लिहिले ‘बाद’. मराठीत हा शब्द हिशेबातून येतो आणि खेळात जातो. रकमेतून रक्कम बाद करतात, नोट चलनातून बाद होते, मतपत्रिका बाद ठरते. आपल्या मातीतल्या खेळांनी त्याला निरनिराळ्या छटा दिल्या. कबड्डीत बाद झालेला गडी रेषेबाहेर बसतो, पण त्याच्या संघाने समोरचा गडी मारला की तो उठतो आणि पुन्हा आत येतो. आपण त्याला ‘जिवंत झाला’ असे म्हणतो. चाळीतल्या मुलांच्या दृष्टीने बाद होणे ही तात्पुरती अवस्था होती. बाद फेरीच्या फुटबॉल स्पर्धेत मात्र हरलेल्याने परत उठून यायची सोय नसते. तो त्याच रात्रीच्या गाडीने घरी जातो.

या फरकावर मी वर्गात पुष्कळ वर्षे एक व्याख्यान देत आलो आहे. लीग म्हणजे कादंबरी, बाद फेरी म्हणजे कथा, असे माझे रूपक. लीगमध्ये हरलेला संघ पुढच्या रविवारी पुन्हा भेटतो. त्याचे दोष, त्याची सुधारणा, त्याचा ऱ्हास आपल्याला महिनोन् महिने दिसत राहतो. बाद फेरीत एका दुपारच्या चुकीला दुरुस्ती नसते, म्हणून प्रत्येक तपशिलाला वजन येते. विद्यार्थ्यांना हे आवडत असे आणि मलाही. १९९७च्या सुमारास, नुकताच अधिव्याख्याता झालो होतो तेव्हा, हे व्याख्यान एकदा मी घरी दादांनाही ऐकवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “आणि अठ्ठ्याहत्तर साली?”

तेव्हा मला काही कळले नाही. आता वही पुढे आहे. १९७८, कोइमतूर : विजेता मोहन बागान आणि ईस्ट बंगाल, ‘बाद’च्या रकान्यात आडवी रेघ. १९८०, कलकत्ता : पुन्हा तेच दोन संघ, पुन्हा आडवी रेघ. अंतिम सामना बरोबरीत सुटला आणि दोघांना संयुक्त विजेते घोषित करण्यात आले. चौथ्याच वर्षापर्यंत ‘बाद’ करणाऱ्या स्पर्धेने दोनदा कोणालाही बाद केले नव्हते. पुढेही या स्पर्धेचे रूप स्थिर राहिले नाही. काही वर्षी आधी गटवार साखळी सामने झाले, काही वर्षी सरळ बाद फेरी, शेवटी शेवटी घरच्या आणि परक्या मैदानावर दोन-दोन सामने. काही वर्षे तर स्पर्धा झालीच नाही. माझे रूपक ज्या शुद्ध आकृतिबंधावर उभे होते तो या चषकाला क्वचितच लाभला. एका प्रश्नात दादांनी ते व्याख्यान खाली बसवले होते, आणि ते मी पुढे आणखी दहा-बारा वर्षे तसेच देत राहिलो.

त्याच १९९७ साली आमचा या वहीवरून वाद झाला होता. १३ जुलै १९९७ रोजी कलकत्त्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्यात फेडरेशन कपाचा उपांत्य सामना झाला. प्रेक्षकांची संख्या नोंदली गेली आहे : १,३१,७८१. भारतात कोणत्याही खेळाच्या एका सामन्याला जमलेल्या सर्वांत मोठ्या गर्दींत तिची गणना होते. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांनी आपल्या ‘डायमंड’ व्यूहरचनेचा बराच गाजावाजा केला होता. समोर पी. के. बॅनर्जी होते. ईस्ट बंगालने ४-१ असा सामना जिंकला आणि बायचुंग भुतियाने तीन गोल केले. ज्याला भारतीय फुटबॉलमधले काहीही आठवत नाही त्यालाही हा सामना ऐकून माहीत असतो. दादांच्या वहीत तो नाही. तेथे इतकेच आहे : १९९७, कलकत्ता, साळगावकर, बाद ईस्ट बंगाल. कारण सव्वा लाखांच्या साक्षीने तो सामना जिंकलेला ईस्ट बंगालचा संघ पुढे अंतिम सामन्यात साळगावकरकडून हरला.

मी चिडून म्हणालो होतो, “दादा, लोकांना काय आठवणार आहे? हा सामना की साळगावकर?”

“लोकांना आठवेल ते लोक लिहितील,” ते म्हणाले. “मला जागा एवढीच आहे.”

त्या वेळी मला हे उत्तर संकुचित वाटले होते. वाङ्मयाचे इतिहास लिहिणाऱ्यांवर आम्ही मंडळी हाच आरोप करतो की त्यांनी आखलेले रकाने आधी असतात आणि पुस्तके नंतर येतात. जे रकान्यात बसत नाही ते कितीही लोकांनी जिवापाड वाचलेले असले तरी इतिहासाबाहेर राहते. मी दादांना त्याच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले होते. आज वाटते, त्यांनी निदान रकाने आपल्या हाताने आखले होते आणि त्यांपैकी दोन तरी इतरांनी आखले नसते असे होते.

रकान्यांचा हाच प्रश्न मला आणखी एकाने विचारला. दोन-तीन वर्षांपूर्वी एम.ए.च्या वर्गात या वहीचा उल्लेख निघाला तेव्हा एक कोल्हापूरचा विद्यार्थी उठून म्हणाला, “सर, यात आमचा एकही संघ नसेल.” नव्हताच. कोल्हापुरात फुटबॉल पेठांच्या आणि तालमींच्या नावाने खेळला जातो. शाहू स्टेडियमवर दोन पेठांची गाठ पडली की शहराचे कामकाज मंदावते. त्या मैदानातून या राष्ट्रीय चषकापर्यंत जाणारी वाट मात्र नव्हती. इंग्लंडचा एफए कप १८७१-७२पासून चालू आहे. त्यात सातशेच्या वर क्लब उतरतात आणि गावखेड्यातल्या हौशी संघालाही प्राथमिक फेऱ्यांतून वर येत एखाद्या बलाढ्य क्लबासमोर उभे राहण्याची शक्यता कागदावर तरी असते. फ्रान्सच्या चषकात २००० साली काले या बंदराच्या शहरातला हौशी खेळाडूंचा संघ थेट अंतिम सामन्यात पोचला आणि नांतकडून २-१ असा हरला. आमच्या फेडरेशन कपात मोजके नामांकित संघ उतरत. राष्ट्रीय म्हणजे सर्वांसाठी खुला, की राष्ट्रीय म्हणजे निवडलेला, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांना नवा नाही. अभ्यासक्रम ठरवण्याच्या बैठकांत मी स्वतः ज्यांना आत घेतले नाही अशा पुस्तकांची यादी त्या मुलासमोर मला आठवली.

आता पाचव्या रकान्याकडे येतो. ‘बदली’. फुटबॉलमध्ये एका खेळाडूला बाहेर काढून त्याच्या जागी दुसरा उतरवतात, त्याला मराठी वर्तमानपत्रे बदली खेळाडू म्हणतात. १९७७पासून १९८२पर्यंत अंतिम सामन्यात जे जे बदली उतरले त्यांची नावे दादांनी बारीक अक्षरांत लिहिली आहेत. कुठे दोन, कुठे तीन. कोणत्या मिनिटाला उतरला तेही, जेथे बातमीत दिले असेल तेथे. गोल करणाऱ्यांची नावे मात्र वहीत कुठेही नाहीत. चषक कोणी जिंकला, कोण बाद झाले आणि कोणाला थोडा वेळ का होईना आत घेतले, एवढ्याच तीन गोष्टी त्यांना टिपून ठेवाव्याशा वाटल्या.

१९८२च्या ओळीत विजेता मोहन बागान आहे आणि ‘बाद’च्या रकान्यात मफतलाल. मुंबईच्या गिरणीचा हा संघ १९७९लाही अंतिम सामन्यात पोचून हरला होता. १९८२ साली तो पुन्हा तेथवर गेला त्या वर्षी १८ जानेवारीपासून मुंबईच्या गिरण्यांत संप चालू होता. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर होते. मी दहा वर्षांचा होतो. दादा सकाळी उठून अंघोळ करून तयार होत आणि मग खाटेवर बसून राहत, हे मला स्पष्ट आठवते. संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही, तो विरत गेला. गिरण्या जसजशा सुरू झाल्या तसतसे आधी कायम कामगारांना बोलावणे आले, तेही सगळ्यांना नाही. बदलीवाल्यांना कोण विचारतो? दादा काही महिने दरवाजावर जाऊन उभे राहिले. नंतर जाईनासे झाले. पुढे त्यांनी एका छापखान्यात कागद कापण्याचे काम धरले आणि निवृत्तीपर्यंत तेच केले.

वही तिसऱ्यांदा वाचताना माझ्या ध्यानात आले की १९८३पासून पाचवा रकाना रिकामा आहे. विजेता आहे, बाद आहे, अक्षर तेच, शाई तीच. १९८३ : मोहम्मेडन स्पोर्टिंग, बाद मोहन बागान, आणि पुढे काही नाही. १९८४, १९८५, सगळी पाने तशीच. रेघ मात्र त्यांनी प्रत्येक नव्या पानावर आखली आहे, मथळाही लिहिला आहे.

साहित्याच्या शिक्षकाला असा रिकामा रकाना दिसला की त्याचे हात शिवशिवतात. संहितेतले मौन, लेखकाचा नकार, अशी शब्दकळा जिभेवर तयार असते. मी स्वतःला आवरले. कदाचित वर्तमानपत्राने बदली खेळाडूंची नावे छापणे बंद केले असेल, असे म्हणून एका ग्रंथालयात जाऊन त्या वर्षांचे अंक काढून पाहिले. नावे छापलेली होती. दादांनी ती वाचली असणार आणि उतरवली नसणार. यापलीकडे मला काही सिद्ध करता येत नाही, आणि जे सिद्ध करता येत नाही ते मी गेली काही वर्षे रोज खरे मानत आलो आहे.

येथे एक कबुली देणे भाग आहे. पीएच.डी. झाल्यावर गावच्या मंडळाने माझा सत्कार केला तेव्हा परिचय करून देणाऱ्याने मला विचारले होते, वडील काय करत? मी म्हणालो, “गिरणीत नोकरीला होते.” बदली हा शब्द मी गाळला. दादा पहिल्या रांगेत बसले होते. नंतर ते त्याबद्दल काही बोलले नाहीत, मीही बोललो नाही. पाचवा रकाना रिकामा ठेवणारे घरात ते एकटे नव्हते.

वहीत आणखी एक जागा रिकामी आहे आणि ती चौथ्या रकान्यात आहे. २००४, बंगळूर, धेंपो. ५ डिसेंबर २००४ रोजी कंठीरव मैदानावर धेंपो आणि मोहन बागान यांच्यात अंतिम सामना झाला. धेंपोचे दोन्ही गोल क्रिस्तियानो ज्युनियर या ब्राझिलियन खेळाडूने केले. दुसरा गोल करतानाच समोरून आलेल्या गोलरक्षकाशी त्याची धडक झाली, तो कोसळला, आणि वाचला नाही. चषक धेंपोने २-० असा जिंकला. मैदानावर वैद्यकीय मदतीची सोय पुरेशी होती का, यावर पुढे बराच काळ बोलले आणि लिहिले गेले. धेंपोने त्याचा दहा क्रमांकाचा सदरा निवृत्त केला. ज्या तरुण गोलरक्षकाशी टक्कर झाली तो सुब्रत पाल. त्याने ते ओझे कसे वाहिले असेल ते त्याचे त्यालाच ठाऊक, पण २०११च्या आशिया चषकात कतारमध्ये भारताच्या गोलासमोर तो ज्या तऱ्हेने उभा राहिला ते अनेकांनी पाहिले.

दादांनी त्या ओळीत विजेता लिहिला आणि ‘बाद’ची जागा मोकळी सोडली. रकान्याबाहेर, समासात, पेन्सिलीने तीन शब्द आहेत : पोरगा २५ वर्षांचा. हरलेल्या संघाचे नाव त्यांना ठाऊक होते. सव्वीस-सत्तावीस वर्षे तो शब्द ते बेधडक लिहीत आले होते. त्या दिवशी त्यांना तो वापरता आला नाही, कारण त्या मैदानावर त्याचा अर्थ अकस्मात खरा झाला होता. खेळ आपले सगळे शब्द मरणाच्या मुलखातून उसने आणतो. गडी मारतो, गडी जिवंत होतो, संघ गारद होतो. त्या उसनवारीची परतफेड करण्याची वेळ सहसा येत नाही म्हणून आपण खेळू शकतो.

शेवटची नोंद २०१०ची : कटक, ईस्ट बंगाल, बाद मोहन बागान. अक्षर कापरे आहे. पुढे पान कोरे.

स्पर्धा त्यांच्यानंतर आणखी सहा-सात वर्षे चालली. तोवर ज्यांनी तिला घडवले होते त्या संस्थांचे संघ मैदानातून उठून गेले होते. मफतलालचा संघ केव्हाच नाहीसा झाला होता, महिंद्र युनायटेड २०१० साली बंद करण्यात आला, जेसीटी २०११ साली. २१ मे २०१७ रोजी कटकच्या बाराबती मैदानावर अंतिम सामना झाला. जादा वेळेत सी. के. विनीतने दोन गोल केले आणि बंगळूरू एफसीने मोहन बागानला हरवले. फेडरेशन कपाचा तो शेवटचा सामना ठरला. २०१८पासून सुपर कप नावाची नवी स्पर्धा आली.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी दादांच्या वहीतल्या उरलेल्या ओळी भरायला बसलो. पहिल्या दोन ओळी लिहून झाल्यावर लक्षात आले की चौथ्या रकान्यात मी संघाच्या नावाआधी ‘उपविजेता’ असे लिहीत चाललो आहे. खोडले आणि मथळ्याप्रमाणे नुसते नाव लिहिले. २०१६ला हात पुन्हा थांबला. गुवाहाटी, विजेता मोहन बागान, बाद ऐझॉल. मिझोरामचा हा छोटा संघ त्या मोसमात आय-लीगमधून खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता, आणि चषकात मात्र बंगळूरू एफसीसारख्या संघाला हरवत अंतिम सामन्यापर्यंत आला होता. तेथे तो ५-० असा हरला. पुढे गोव्यातल्या क्लबांनी लीगमधून अंग काढून घेतल्यावर ऐझॉलला परत आत घेण्यात आले, आणि ३० एप्रिल २०१७ रोजी तोच संघ देशाचा लीगविजेता झाला. कोणाच्या तरी गैरहजेरीत मागावर उभे राहायला मिळाले आणि त्याने ताग्यावर तागा विणून दाखवला. दादांना हे सांगायला हवे होते. त्यांनी केरळ पोलिसांसारखी फुली केली असती की नाही, ते मला माहीत नाही. मी केली नाही, ती खूण त्यांची आहे.

मग शेवटची ओळ : २०१७, कटक, बंगळूरू, बाद मोहन बागान. लिहून झाल्यावर सवयीने पहिले पान उघडले तर पहिली ओळही तीच. जिंकणारे गाव बंगळूर, बाद मोहन बागान. या क्लबाने हा चषक एकूण १४ वेळा जिंकला आहे, इतर कोणाहीपेक्षा जास्त. दादांच्या वहीचा चौथा रकाना त्याच्याच नावाने सुरू होतो आणि त्याच्याच नावाने संपतो.

पाचवा रकाना उरला होता. त्या सहा सामन्यांतल्या बदली खेळाडूंची नावे शोधणे आज मुळीच कठीण नाही. मी ती शोधून एका चिठ्ठीवर उतरवलीही होती. चिठ्ठी वहीत ठेवली. रकान्यात काही लिहिले नाही. त्याऐवजी वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर, जेथे मालकाचे नाव लिहायची रीत असते आणि जेथे दादांनी काहीच लिहिले नव्हते, तेथे त्यांचे नाव लिहिले आणि त्याखाली : बदली कामगार, साचेखाते.